९८ डिग्रीवरून ८२ वर: प्रोसेसर थंड ठेवायला मी वापरलेली सॉफ्टवेअरं

काही महिन्यांपूर्वी एक मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला आणि सवयीने कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवलं तर दोन सेकंदही टेकवेना, इतकी ती पट्टी तापली होती. पंखा फुल स्पीडला, खालून गरम वारा, आणि एवढं सगळं होऊन एक्सपोर्टची रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. हा लॅपटॉप माझ्या कामाचा आहे, त्याच्यावर माझं सगळं अडतं, त्यामुळे जीव खालीवर झाला. मग त्या आठवड्यात मी याच्या मागेच लागलो, रोज रात्री एकेक गोष्ट लावून बघायची, आकडे वहीत लिहायचे, दुसऱ्या दिवशी पुढची गोष्ट. त्यातून जे हाती आलं ते सगळं इथे लिहितोय, कारण शोधताना मला अर्धवट सल्ले भरपूर मिळाले आणि असं का होतं ते मात्र फार कमी लोकांनी सांगितलं.

सगळ्यात आधी मोजायला शिका. हात लावून "गरम लागतंय" याला काही अर्थ नाही, कारण बॉडी गरम असणं आणि आतला प्रोसेसर गरम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधीकधी तर बॉडी गार आणि आतमध्ये भट्टी असते. विंडोजवर मी एचडब्ल्यूइन्फो नावाचा आतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम वापरतो, सुरू करताना फक्त सेन्सर्सवाला पर्याय निवडायचा, मग एक लांबलचक यादी उघडते, घाबरायचं नाही, त्यातल्या चारच ओळी आपल्या कामाच्या: कोअरचं (प्रोसेसरमधल्या गणितं करणाऱ्या एकेका भागाचं) टेम्परेचर, कोअरचा क्लॉक म्हणजे तो किती वेगाने चालतोय ते, पॅकेज पॉवर म्हणजे प्रोसेसर किती वॉट ओढतोय ते, आणि थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतोय का, हो की नाही. नुसतंच टेम्परेचर हवं असेल तर कोअर टेम्प पुरतं. पण माझं म्हणणं असं की वॉटचा आकडा बघितल्याशिवाय काहीच कळत नाही, कारण शेवटी उष्णता म्हणजे ते वॉटच, प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते.

माझा प्रोसेसर सहा कोअरचा, ४५ वॉटचा म्हणून विकला जाणारा, बेस क्लॉक म्हणजे नेहमीचा वेग २.२ गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगात, एका कोअरला ४.१ पर्यंत जाणारा. एक्सपोर्ट चालू असताना स्क्रीनवर दिसत होतं ते असं: टेम्परेचर ९८, थ्रॉटलिंगपुढे लाल अक्षरात हो, क्लॉक कधी ३.४ तर कधी २.६, सतत झोके घेतोय. म्हणजे काय होत होतं, तर प्रोसेसर जोरात पळायचा, तापायचा, स्वतःच स्वतःला मागे ओढायचा, जरा निवला की परत पळायचा. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही कमाल मर्यादा १०० डिग्रीच्या आसपास असते, तिथे पोचलं की चिप आपणहून क्लॉक कमी करते, आणि तरीही तापत राहिली तर मशीन बंद पडतं. तेव्हा तापल्यामुळे प्रोसेसर लगेच जळून जाईल ही भीती काढून टाका, तो स्वतःची काळजी घेतो. खरं नुकसान म्हणजे तुमचा स्पीड जातो, पंखा कानाशी ओरडत राहतो, आणि आजूबाजूचे पार्ट, विशेषतः बॅटरी, वर्षानुवर्षं त्या गरमीत राहतात.

आता पहिला प्रयोग, ज्याला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जायचं, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट, तिथे १०० असतं ते ९९ करायचं. (काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, तो कमांड लाइनवरून पॉवरसीएफजीने उघडता येतो.) एक टक्क्याने काय होणार असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. एक्सपोर्ट चालू ठेवूनच मी अप्लाय दाबलं आणि सेन्सरच्या खिडकीकडे बघत बसलो. क्लॉक एका क्षणात २.२ वर येऊन थांबला, अगदी खिळा ठोकल्यासारखा, टेम्परेचर ९८ वरून ९०, ८१, ७४, मग हळूहळू ६८ वर आलं, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने पंख्याचा आवाज उतरायला लागला. हे एक टक्क्याचं काम नव्हे, १०० च्या खाली गेलं की टर्बोच बंद होतो, प्रोसेसर बेस क्लॉकवरच राहतो. जीव भांड्यात पडला, पण एक्सपोर्टला आधी २२ मिनिटं लागायची ती आता ३० झाली. म्हणजे उपाय लागू पडला पण महाग पडला. ज्यांचं काम ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ कॉल एवढंच आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, खरंच सांगतो, त्यांना फरक जाणवणारही नाही. मला मात्र ती आठ मिनिटं परत हवी होती.

इथे थोडं थांबून हे गणित सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते ती क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्गाच्या! आणि क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, नाहीतर चिप चुकते. समजा एक कोअर ४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्टवर चालतोय आणि तोच ३.२ ला ०.९५ व्होल्टवर चालू शकतो. क्लॉक झाला ०.८ पट, व्होल्टेजचा वर्ग झाला साधारण ०.६३ पट, गुणाकार केला तर ०.५. म्हणजे स्पीड वीस टक्के गेला आणि उष्णता निम्मी झाली. शेवटचे ते थोडेसे मेगाहर्ट्झ असतात ना, त्यांच्यासाठीच सगळी आग पेटलेली असते. त्यात भर म्हणजे चिप जितकी गरम तितकी तिच्यातून गळणारी वीजही वाढते, म्हणजे गरमी स्वतःच आणखी गरमी करते. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं सॉफ्टवेअर कामाचं आणि कुठलं नुसतं दिखाव्याचं हे आपलं आपल्याला ओळखता येतं: जे व्होल्टेज, क्लॉक किंवा वॉटला हात घालतं किंवा पंखा वाढवतं ते खरं, बाकी सगळं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एक बटण दाबा आणि प्रोसेसर गार करा अशी जी अ‍ॅप्स असतात, मोबाइलवर तर रग्गड, बर्फाचे तुकडे पडताना दाखवतात आणि मग "५ डिग्री कमी झालं" म्हणतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. ती मागची अ‍ॅप्स बंद करण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाहीत, आणि ती बंद केलेली अ‍ॅप्स थोड्या वेळाने परत उघडतात, उघडताना उलट जास्त वीज खातात, वर जाहिराती दाखवायला हे अ‍ॅप स्वतःच मागे चालू राहतं. भोळ्या माणसाला फसवायचा धंदा आहे, काढून टाका.

पण गंमत अशी की एके काळी सॉफ्टवेअर कूलर ही खरीखुरी आणि इमानदार गोष्ट होती. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात काही काम नसलं की विंडोज प्रोसेसरला गप्प बसवायचं नाही, त्याला रिकाम्या चकरा मारायला लावायचं, त्यामुळे नुसता डेस्कटॉप उघडा असला तरी चिप गरमच. वास्तविक प्रोसेसरमध्ये हॉल्ट नावाची सूचना पूर्वीपासून होती, ती दिली की पुढचं काम येईपर्यंत प्रोसेसर थांबून राहतो. तर सीपीयूआयडल, रेन, वॉटरफॉल अशी छोटी छोटी युटिलिटी निघाली, ती सगळ्यात कमी प्रायॉरिटीवर बसून राहायची आणि कोणालाच काम नसलं की तेवढी हॉल्ट सूचना द्यायची, बस्स. रिकामा असताना प्रोसेसर चांगलाच गार व्हायचा, पूर्ण लोड असताना मात्र काहीच फरक नाही, कारण रिकामा वेळच नसायचा. विंडोज एनटी आणि लिनक्स हे काम आधीपासून स्वतःच करायचे, पुढे २००० आणि एक्सपीपासून सगळ्यांनाच ते मिळालं. आजचे प्रोसेसर तर याच्या कितीतरी पुढे गेलेत, सी६ सारख्या खोल झोपेत कोअरचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर नेतात. टास्क मॅनेजरमध्ये सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ टक्के बघून ज्यांना वाटतं की तोच प्रोसेसर खातोय त्यांनी निश्चिंत राहावं, तो आकडा म्हणजे प्रोसेसर किती वेळ आराम करतोय तो आहे, जितका मोठा तितकं चांगलं.

उलट काही काम नसताना तो आकडा ७०-८० वरच अडकला असेल तर मात्र आधी चोर पकडा. माझ्याकडे दोन सापडले, एक फोटोंची इंडेक्सिंग करणारा प्रोग्राम जो दर वेळी त्याच एका बिघडलेल्या फाइलवर अडकून परत पहिल्यापासून सुरू करायचा, आणि दुसरा ब्राउझरमधला एक टॅब. दोन्ही बंद केल्यावर रिकाम्या अवस्थेतलं टेम्परेचर ५८ वरून ४५ वर आलं. एक पैसा नाही, एक सेटिंग नाही.

आता मुख्य काम. इंटेलच्या लॅपटॉपसाठी मी प्रोसेसरचे वॉट आणि व्होल्टेज बदलू देणारं थ्रॉटलस्टॉप घेतलं, इंटेलचं स्वतःचं एक्सटीयू पण आहे, पण थ्रॉटलस्टॉप छोटं आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. त्यात दोन गोष्टी केल्या.

पहिली पॉवर लिमिट. ४५ वॉटचा प्रोसेसर ४५ वॉटच खातो असं नसतं. पीएल१ ही लांब पल्ल्याची मर्यादा, पीएल२ ही थोड्या वेळापुरती वाढीव मर्यादा, आणि टाऊ म्हणजे ती वाढीव मर्यादा साधारण किती सेकंद वापरायची ते. हे आकडे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि माझ्याकडे पीएल१ चक्क ६० आणि पीएल२ ७८ ठेवलेला होता, एवढ्या पातळ बॉडीत! तेवढी उष्णता बाहेर टाकायची त्या पंख्याची ताकदच नाही, म्हणून तो ९८ चा खेळ. मी पीएल१ ४५ केला, पीएल२ ६० आणि टाऊ २८ सेकंद. परिणाम असा की एखादं अ‍ॅप उघडताना, पान लोड होताना जो झटका लागतो तो तसाच मिळतो, पण लांब काम सुरू झालं की अर्ध्या मिनिटात प्रोसेसर शांतपणे ४५ वर येतो आणि तिथेच राहतो. टेम्परेचर ८८, क्लॉक स्थिर ३.० च्या आसपास, झोके बंद. एक्सपोर्ट २३ मिनिटं. म्हणजे एका मिनिटाच्या बदल्यात दहा डिग्री, हा सौदा मला केव्हाही मान्य आहे. माझ्या मते कुणीही एकच गोष्ट करणार असेल तर हीच करावी, यात बिघडण्यासारखं काही नाही, मशीन हँग होत नाही, नको वाटलं तर आकडा परत वाढवायचा.

दुसरी गोष्ट अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं कमी करणं, आणि याला धीर लागतो. कारखान्यात प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज दिलेलं असतं, कारण सगळ्या चिप एकसारख्या नसतात आणि त्यातली सगळ्यात कमजोर चिपही चुकता कामा नये. तुमची चिप त्यापेक्षा बरी असेल तर ते जास्तीचं व्होल्टेज म्हणजे फुकटची उष्णता. तेवढं काढून घेतलं की क्लॉक तोच, काम तेच, वॉट कमी. थ्रॉटलस्टॉपमध्ये एफआयव्हीआर नावाची खिडकी आहे, तिथे कोअर आणि कॅशे (चिपमधलीच छोटी मेमरी) दोन्हीला सारखाच उणे आकडा द्यायचा. मी उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात केली, मग ८०, मग १००, प्रत्येक पायरीला तासभर काम करून बघितलं. आणि एक महत्त्वाचं, त्या खिडकीत व्होल्टेज सेव्ह न करता फक्त लावून बघायचा पर्याय आहे, टेस्ट करताना तोच वापरा, म्हणजे मशीन अडकलं तरी रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळ जागेवर येतं.

उणे १२५ वर मी फसलो. एक्सपोर्ट आरामात पूर्ण झाला, टेम्परेचर ७८, मी खूश, वहीत मोठ्या अक्षरात ७८ लिहिलंही. मग दहा मिनिटांनी नुसतं ब्राउझरमध्ये एक पान वरखाली करत होतो आणि स्क्रीन जागच्या जागी गोठली, माऊस हलेना, काही नाही. लोडमध्ये टिकलं आणि रिकामं असताना पडलं हे मला आधी पटेना, पण कारण सरळ आहे: सगळे कोअर कामात असतात तेव्हा क्लॉक ३.२ वगैरेच असतो, हलक्या कामात मात्र एखादा कोअर क्षणभर ४.१ ला उडी मारतो, आणि त्या उंच क्लॉकला जेवढं व्होल्टेज लागतं तेवढंच नेमकं आपण काढून घेतलेलं असतं. तेव्हा फक्त स्ट्रेस टेस्ट (मुद्दाम पूर्ण ताण देणारी चाचणी) पास झाली म्हणून सेटिंग पक्कं धरू नका, दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा, लॅपटॉप झोपवा, उठवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचइए नावाच्या, म्हणजे हार्डवेअर चुकल्याच्या, एरर दिसायला लागल्या तर मशीन पडलं नाही तरी समजा की व्होल्टेज फार कमी झालंय. चुकलेलं गणित एखाद्या फाइलमध्ये गुपचूप जाऊन बसणं हे मशीन हँग होण्यापेक्षा वाईट. मी शेवटी उणे १०० वर परत आलो आणि आणखी सुरक्षित म्हणून उणे ९५ वर थांबलो. ४५ वॉटच्याही आत आता ३.३ गिगाहर्ट्झ मिळतो, टेम्परेचर ८२ च्या वर जात नाही, एक्सपोर्ट २१ मिनिटं. मूळच्या २२ पेक्षाही एक मिनिट कमी, आणि १६ डिग्री गार.

पण हे सगळ्यांना जमणार नाही, ते आधीच सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली, संशोधकांनी दाखवून दिलं की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येतात आणि त्यातून गुप्त माहिती काढता येते. त्यानंतर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून व्होल्टेज कमी करायची ही सोय बऱ्याच लॅपटॉपवर बंद झाली आणि नंतरच्या पिढ्यांच्या बहुतेक लॅपटॉपवर ती मुळातच कुलूपबंद येते. आकडा टाकला तरी व्होल्टेज जागचं हलत नाही, तर समजायचं. काही लोक त्यासाठी जुना बायोस परत टाकतात, मी तसं करणार नाही आणि तुम्हालाही करा म्हणणार नाही, पाच-सहा डिग्रीसाठी सिक्युरिटीचे सगळे अपडेट गमावायचे का? पॉवर लिमिट तुमच्याकडे बहुधा असेलच, आणि स्पीड शिफ्ट (प्रोसेसर स्वतःच झटपट क्लॉक ठरवतो ती सोय) मधला ईपीपी पण आहे. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून हे आलं, ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे जीव तोडून पळ, २५५ म्हणजे जमेल तेवढी वीज वाचव. मी प्लगवर १२८ आणि बॅटरीवर २०० ठेवतो. याने मोठ्या लोडवर फरक पडत नाही, पण साधं टायपिंग करताना प्रोसेसर उगाच उसळत नाही आणि त्यामुळे पंखाही दर दोन मिनिटांनी ओरडत नाही, जे मला व्यक्तिशः टेम्परेचरपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

एएमडीवाल्यांसाठी थोडक्यात. डेस्कटॉप रायझनला (एएमडीचे प्रोसेसर) रायझन मास्टर हा प्रोग्राम आहे, त्यात किंवा बायोसमध्ये इको मोड मिळतो, तो लावला की वॉटची मर्यादा खाली येते, आणि वरच्या गणितामुळे स्पीड जितका जाईल असं वाटतं त्याच्या मानाने फारच थोडा जातो. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, तो क्लॉकनुसार व्होल्टेज कमी करतो, प्रत्येक कोअरला वेगळा आकडा देता येतो. लॅपटॉपवर वॉटची मर्यादा बदलायला आहे रायझनअ‍ॅडजे. आणि रायझन ७००० डेस्कटॉपला ९५ डिग्री दिसले तर घाबरू नका, पूर्ण लोडवर तिथपर्यंत जायचं हे त्याच्या डिझाइनमध्येच आहे. आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये याचं रायझनच्या पहिल्या पिढीतलं एक उदाहरण फार बोलकं आहे, १७००एक्स आणि १८००एक्स मध्ये दाखवलं जाणारं टेम्परेचर खऱ्यापेक्षा २० डिग्री जास्त असायचं, पंख्यांचं नियंत्रण सगळ्या मॉडेलवर सारखं राहावं म्हणून मुद्दाम. लोक उगाच कूलर बदलत बसले असतील.

लिनक्सवर तर हे सगळं आणखी सोपं आहे, टेम्परेचर आणि वीज सांभाळायला थर्मल्ड, टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक, आणि कोण वीज खातंय ते बघायला पॉवरटॉप. टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रेक दोन्ही एकदम लावू नका, एकाने केलेलं दुसरा पुसतो. टर्बो बंद करायला इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या नो-टर्बो फाइलमध्ये १ लिहिलं की झालं, विंडोजमधल्या त्या ९९ टक्क्यांचं हे सख्खं भावंड.

पंख्याबद्दल. फॅन कंट्रोल नावाचा प्रोग्राम डेस्कटॉपवर अप्रतिम आहे, लॅपटॉपसाठी नोटबुक फॅनकंट्रोल, पण तिथे तुमचं मॉडेल त्याला ओळखता आलं पाहिजे. पंख्याची रेघ, म्हणजे कुठल्या टेम्परेचरला किती स्पीड ते, आखताना एकच काळजी, टेम्परेचर दोन-तीन डिग्री हललं की लगेच पंखा वरखाली होईल असं ठेवू नका, वर जायला ७० आणि खाली यायला ६२ असं अंतर ठेवा, नाहीतर तो दिवसभर श्वास घेतल्यासारखा आवाज करत राहतो.

आणि काही गोष्टी सॉफ्टवेअरच्या हातात नाहीतच. लोड सुरू झाल्यावर एका सेकंदात टेम्परेचर ५० वरून ९५ वर उडी मारत असेल, किंवा एकच कोअर बाकीच्यांपेक्षा सतत १५-२० डिग्री पुढे असेल, तर बहुतेक वेळा थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता पोचवणारा लेप) सुकलेली असते किंवा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट टेकलेला नसतो, मग कितीही व्होल्टेज कमी करा, ते वरवरचं. टेम्परेचर हळूहळू चढून मग उतरतच नसेल तर जाळीत धूळ. मी हे सगळं झाल्यावर मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या तोंडाशी धुळीचा एक अख्खा नमदा निघाला, तो काढल्यावर तीच सेटिंग्ज असताना आणखी चार डिग्री कमी झाले. आता ७८. वहीत लिहिलेला तोच आकडा, पण या वेळी स्क्रीन न गोठता.

थ्रॉटलस्टॉपची सेटिंग्ज रीस्टार्टनंतर आपोआप लागत नाहीत, टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनला सुरू होईल असं लावून ठेवा. आणि मोठं विंडोज अपडेट किंवा बायोस अपडेट झालं की एकदा सेन्सरची खिडकी उघडून पीएल१ चा आकडा बघा, माझ्याकडे तो एकदा गुपचूप परत ६० झाला होता आणि मला ते पंख्याच्या आवाजावरून कळलं.